पडीच्या ढिगावरची जाळी

फळमाशी मला आधी पुस्तकात भेटली, मग आंब्यात. पनवेलच्या एका शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. फळ्यावर चार बाण काढायचे आणि लिहायचं : अंडी, अळी, कोष, माशी. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, मी लाल शाईने बरोबरची खूण करायचे, आणि धडा संपायचा. मी निवृत्त झाले त्याच वर्षी वडील गेले. त्यांची आंब्याची वाडी माझ्याकडे आली आणि ते चार बाण थेट माझ्या ताटात येऊन पडले. मोसमातला पहिला हापूस चिरला तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक अळी चक्क उडी मारून ताटाबाहेर गेली. मी फोड खाली ठेवली आणि हात धुऊन आले.

हे मी लिहिते आहे ते एका राखणदार जोडप्यासाठी. माझ्या बोलण्याने त्यांचं नाव खराब झालं आणि ते नीट करायला मी उशीर केला. मधे माशी आली, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली.

वाडी डोंगराच्या पायथ्याला आहे. मी राहते करंजाड्याला, चौथ्या मजल्यावर, तिथून वाडीपर्यंत रिक्षाने जायचं तर न्हावा शेव्याकडे निघालेल्या कंटेनरच्या रांगेत निम्मा वेळ जातो. विचुंब्याच्या बाजूला इमारती चढत चढत आता डोंगर झाकायला लागल्या आहेत. पण वाडीत शिरलं की अजून बरं वाटतं. हापूस आहे, पायरी आहे, बांधाला पेरूची काही झाडं आहेत. आणि बांधाच्या टोकाला कुडाची झोपडी. त्या झोपडीत ते दोघं राहायचे. कातकरी जोडपं. वडिलांच्या तरुणपणापासून वाडीची राखण त्यांच्याकडे. म्हातारी माझ्याहून चांगली दहा वर्षांनी मोठी, पण मी तिला अगं-तुगं करत आले आणि ती मला बाई म्हणत आली. मी शाळेत शिकवायला लागायच्याही आधीपासून.

आमच्या गावात राखणीचा कागद होत नाही. माघात मोहोर धरला की एका सकाळी गावदेवीच्या मांडवात सगळे जमतात. प्रत्येक मालक आपल्या राखणदाराला चारचौघांसमोर नारळ देतो. नारळ हातात घेतला की तो त्या मोसमाचा राखणदार, मग वानर असो, चोर असो, वारा असो, जबाबदारी त्याची. आणि हक्कही ठरलेला. झाडावरून उतरवलेला आंबा मालकाचा, आपोआप खाली पडलेला राखणदाराचा. त्याला पडी म्हणतात. पडीत बोट घालायचं नाही हे मालकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. मलाही वडिलांनी शिकवलं होतं. खाली पडलेला आंबा उचलला म्हणून एकदा त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

म्हातारी पडी रोज सकाळी वेचायची. कैऱ्यांच्या आंबोश्या करायची, पिकल्यातला चांगला भाग कापून त्याचं साठं घालायची आणि पनवेलच्या बाजारात नेऊन विकायची. जो आंबा अगदीच किडका, त्याचा बांधाजवळ ढीग करायची. त्या ढिगावर बांबूच्या काड्यांची कमान आणि कमानीवर एक जुनी जाळी. जवळा पकडायचं बारीक विणीचं जाळं असतं, त्याचा तो तुकडा. उरणकडच्या एका कोळणीने आंबोश्यांच्या बदल्यात दिला होता. जाळीच्या कडा ती मातीत पुरायची. कचऱ्यावर कशाला एवढी मेहनत, असं मला वाटायचं. वडिलांना विचारलं होतं तर म्हणाले, "पडी तिची, ढीग तिचा, तुला काय त्रास आहे?"

त्रास झाला तो वाडी माझ्या ताब्यात आल्यावर. त्या वर्षी मे महिन्यात पाऊस पडण्याआधीचा दमटपणा लवकर सुरू झाला आणि माशीने उच्छाद मांडला. तसं थोडं किडकं फळ दर वर्षी असायचंच. पण मी नवी मालकीण, शिवाय विज्ञानाची बाई, मला किडका आंबा म्हणजे स्वतःचा अपमान वाटला. मी डोळ्यांत तेल घालून वाडीत फिरायला लागले. आणि एका दुपारी ढिगाजवळ मला चोर सापडला.

जाळीच्या बाहेरच्या अंगाला, आदल्या रात्री पडलेल्या एका पायरी आंब्यावर, एक तांबूस किडा बसला होता. मुंगीएवढा, बारीक कंबरेचा, पंख असलेला. मागे केसासारखी सुई, अंगाहून लांब. तो सालीवर मिशांनी चाचपत चालायचा, थांबायचा आणि ती सुई वाकवून फळात खुपसायचा. मी गुडघ्यावर बसून पाहत होते. माशी सालीखाली अंडी घालते, त्यासाठी सालीला भोक पाडते, हे मी तीस वर्षं शिकवलेलं. हे भोक पाडणारं जनावर आता माझ्यासमोर होतं. एक नाही, आठ-दहा होती. आणि सगळी त्या ढिगाभोवती.

मी म्हातारीला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं आणि हसली.

"त्या सुईवाल्या हायेत, बाई. त्यांना काय करू नका. त्या हायेत तवर किडा कमी ऱ्हातो."

"कुणी सांगितलं तुला?"

"कोन सांगल? आमी बगतो ना. माशी जाळीत अडकून मरते. या बारीक, या भाईर निघतात. म्हनून तर जाळी घालते मी."

"आणि ती सुई काय शिवणकामाला आहे का?" मी म्हणाले.

ती गप्प बसली. माझ्या वर्गातली मुलंही अशीच गप्प बसायची, आणि मी ते नेहमी कबुली समजायचे.

दुसऱ्या दिवशी मी रॉकेल घेऊन गेले. म्हाताऱ्याला म्हटलं, ढीग पेटव. म्हातारा बोलणारा माणूस नव्हता. त्याने आधी कमानीवरची जाळी सोडवली, झटकली, घडी करून काखेत धरली. मग मी दिलेलं रॉकेल ओतलं. काडीपेटी मात्र त्याने माझ्यापुढे धरली. "काडी तुमी लावा," म्हणाला. मी लावली. ओला ढीग नीट पेटेना, धूर धूर झाला, त्याचा वास दोन दिवस वाडीत राहिला. मला वाटलं, चला, घाण गेली.

पण माझा राग तेवढ्यावर थांबला नाही. मोसम संपला, पावसाळा गेला, मी मात्र प्रत्येकाला सांगत राहिले की माझ्या वाडीत राखणदारच किडे वाढवत होते. खापर फोडायला डोकं मिळालं की माणसाला हलकं वाटतं, मलाही वाटत होतं. माघ आला. गावदेवीच्या मांडवात सगळे जमले. नारळ द्यायची माझी पाळी आली तेव्हा ते दोघं पुढे येऊन उभे राहिले, म्हाताऱ्याने धुतलेला सदरा घातला होता. मी नारळ पिशवीतून काढलाच नाही.

मी म्हणाले, "यांनी माझ्या वाडीत किडे पाळले. वडिलांनी चालवून घेतलं असेल, मी घेणार नाही."

माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मांडवात तर कोपऱ्यात बसलेल्यांनीही ऐकलं. म्हातारीने पदर तोंडाला लावला. म्हातारा तसाच उभा होता, दोन्ही हात नारळासाठी थोडे पुढे. ते हात त्याने खाली घेतले तेव्हा मी दुसरीकडे पाहत होते. आठ दिवसांत त्यांनी झोपडी सोडली.

मला वाटलं होतं, दुसरी वाडी मिळेल त्यांना. नाही मिळाली. गावातली मुलं-नातवंडं जिच्याकडे शिकली ती बाई चारचौघांत म्हणते यांनी किडे पाळले, तर कोण ठेवणार? आयुष्यभर राखण केलेली माणसं कर्जतच्या रस्त्याला एका वीटभट्टीवर माती मळायला गेली. हे मला कळलं होतं. मी त्यावर विचार केला नाही, एवढंच मी आज सांगू शकते.

पुढची दोन वर्षं मी वाडीत जे जे करता येईल ते केलं. झाडाझाडाला वासाचे सापळे टांगले. त्या डब्यांत नर माश्या खच्चून भरायच्या, मी त्यांचे फोटो काढून बागायतदारांच्या ग्रुपवर टाकायचे, लोक अंगठे दाखवायचे. औषधं फवारली. पडी गोळा करून काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत तोंड बांधून उन्हात ठेवली, आत काही जिवंत राहू नये म्हणून. आणि खरंच काही राहिलं नाही. पहिल्या वर्षी किडकं फळ थोडं कमी निघालं. मी फुशारले. दुसऱ्या वर्षी पायरीची झाडंच्या झाडं गेली. शेजारच्या ओस पडलेल्या आंब्याच्या वाड्यांमधून, टाकलेल्या पेरूंमधून माशी यायची, आणि माझ्या वाडीत तिला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी औषध वाढवत गेले.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी पिशवीभर किडके आंबे घेऊन एका कृषी केंद्रात गेले. तिथे एक तरुण मुलगी होती, कीटकांचा अभ्यास केलेली, माझ्या जुन्या विद्यार्थिनीची मुलगी शोभावी एवढीच. तिने आंबे तळाशी वाळू घातलेल्या बरण्यांत ठेवले, तोंडाला कापड बांधलं आणि म्हणाली, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी गेले तर माझ्या बरण्यांत नुसत्या माश्या. शेजारी दुसऱ्या कुठल्या वाडीतल्या आंब्यांची बरणी होती, तिच्यात माश्या होत्या आणि त्यांच्याबरोबर ते बारीक कंबरेचे, सुईवाले किडे. मी बोट दाखवून म्हणाले, "हा बघा, हाच तो चोर."

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, हे तुमच्या वाडीत होते?"

"होते ना. जाळून टाकले मी."

तिने मला भिंगाखाली एक कोष दाखवला. माशीचा कोष, गव्हाच्या दाण्यासारखा. त्याला एका टोकाला कुरतडलेलं भोक होतं आणि त्यातून माशीऐवजी सुईवाली बाहेर येत होती. मग ती शांतपणे सांगत गेली. ही गांधीलमाशीच्या कुळातली, फार लहान, माणसाला डंख करत नाही. हिला आंब्यातलं काही नको असतं. ती सालीवर चाचपते ते आत अळी हलते का हे पाहायला. अळी सापडली की सुई खुपसून तिच्या अंगात अंडं घालते. त्या अंड्यातलं पिल्लू अळीला आतून खातं. अळी फळातून मातीत उतरते, कोष करते, आणि कोषातून माशी निघत नाही, हीच निघते. सुई सालीला लागते, काम आतल्या अळीचं होतं.

"औषधाने माशीआधी हीच मरते," ती म्हणाली. "आणि पडलेली फळं जाळली, पिशवीत कोंडली की त्यांच्याबरोबर ह्याही संपतात. काही ठिकाणी लोक पडीची फळं बारीक जाळीखाली ठेवतात. माशी जाड, ती आत अडकते. ही बारीक, ही निघून जाते. फक्त जाळीची वीण बरोबर हवी."

मी वीण केवढी असावी ते विचारलं नाही. ती मला माहीत होती. मी खुर्चीत बसून राहिले. तीस वर्षांत मी मुलांना कीटकांबद्दल जे शिकवलं त्यात हा किडा कुठेच नव्हता, कारण तो माझ्या पुस्तकात नव्हता. आणि जिने तो वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिला होता तिला मी विचारलं होतं, कुणी सांगितलं तुला. मला स्वतःची फार लाज वाटली. ती मुलगी पाणी घेऊन आली, बहुतेक माझा चेहरा पाहून.

दुसऱ्याच दिवशी मी भट्टीवर गेले. भट्टीचे शेवटचे दिवस होते, पाऊस यायच्या आत विटा उतरवायची घाई चाललेली. प्लास्टिकच्या कागदाखाली बाजेवर म्हातारा पडला होता. खोकत होता. म्हातारी साच्यात माती भरून विटा पाडत होती. मला पाहून ती उठली नाही, हातही थांबवला नाही.

मी उभ्याउभ्याच म्हणाले, "माझं चुकलं. तू म्हणालीस ते खरं होतं. किडे मी वाढवले." एवढं बोलायला मला जेवढा जोर लागला तेवढा आयुष्यात कशाला लागला नव्हता.

तिने साचा उलटा करून वीट काढली. मग म्हणाली, "ठाव हाय आमाला."

"परत येता का वाडीत? झोपडी मी बांधून देते. नारळ देते."

"येऊ. जाळी हाय आमच्याकडं. पन बाई, जिथं बोललात तिथं बोला."

बाजेवरून म्हातारा मान वळवून पाहत होता. खोकला आवरून तो म्हणाला, "आमी किडे पाळले नाय." एवढंच. रागाने नाही, मला काहीतरी समजावून सांगावं तसं.

"बोलेन," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर बोलेन. नक्की."

ते आठवड्याभरात वाडीत आले. झोपडीला मी पत्रे टाकून दिले, विजेची तार ओढून दिली. पण वाडीत सुईवाली एकही उरली नव्हती. म्हातारी म्हणाली, रानात असेल. डोंगराच्या कडेला रायवळ आंब्याची झाडं आहेत, तिथे कुणी औषध मारत नाही, पडलेला आंबा कुणी उचलत नाही. ती तिथून डोक्यावर पाट्या भरभरून किडका आंबा घेऊन आली. लोकांनी हसून घ्यावं असंच दृश्य होतं ते, चांगल्या वाडीत बाहेरून किडका आंबा आणून घालणारी म्हातारी, आणि तिच्यामागे दुसरी पाटी घेऊन मी. तिने बांबू वाकवले, जाळी ताणली, कडा मातीत पुरल्या. मला म्हणाली, "कड दाबा नीट, नायतर माशी फटीतून जाते." मी दाबली. तिच्या हाताखाली काम करायला मला बरं वाटलं, हे मला अपेक्षित नव्हतं.

पावसात ती दर दोन दिवसांनी जाळीवरचा पाचोळा काढायची. आतल्या अंगाने माश्या जाळीला चिकटून बसायच्या, नवीन, चकचकीत, बाहेर यायला धडपडणाऱ्या. मग पेरू पिकायला लागले, पेरूलाही माशी असतेच, ती फळंही ढिगात गेली. श्रावणात एका सकाळी तिने मला हात धरून ढिगाजवळ नेलं. जाळीच्या एका भोकातून सुईवाली बाहेर येत होती. आधी मिशा, मग डोकं, मग ती बारीक कंबर. शेवटी ती लांब सुई ओढत बाहेर काढली. जाळीवर बसून पंख साफ केले आणि पेरूकडे उडाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी म्हणाली, "आली बया."

म्हातारा बाहेर बाजेवर बसलेला असायचा. त्याला उठवत नव्हतं फारसं. मी गेले की तो विचारायचा, "सभा कधी हाय?" त्याला मांडवातलं जमणं म्हणायचं असायचं. मी सांगायचे, माघात.

आणि माघ आला. आता जे सांगायचं ते सांगताना मला अजून जड जातं. मांडवात गर्दी होती. पुढच्या रांगेत माझे दोन जुने विद्यार्थी बसले होते, आता स्वतः बागायतदार झालेले. माझी पाळी आली, मी नारळ काढला आणि म्हातारीच्या हातात दिला. म्हातारा आला नव्हता, त्याला चालवत नव्हतं. ती नारळ घेऊन तिथेच उभी राहिली. माझ्याकडे पाहत. मी बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं. मनात म्हटलं, नारळ दिला म्हणजे सगळ्यांना कळलंच की. म्हटलं, आधी आंबा स्वच्छ उतरू दे, मग बोलण्याला वजन येईल. खरं कारण वेगळं होतं. ज्यांच्या चुका मी लाल शाईने दाखवल्या त्यांच्यासमोर मला माझी चूक दाखवायची नव्हती. मी शेजारच्या बाईशी मोहोराबद्दल बोलायला लागले. म्हातारी जरा वेळ थांबली आणि मागे जाऊन बसली.

त्याच दिवशी दुपारी मी वाडीत गेले तेव्हा म्हाताऱ्याने बाजेवरून विचारलं, "बोललात का, बाई?"

"मोसम होऊ दे," मी म्हणाले. "मग सगळ्यांना नीट सांगते."

"बरं," तो म्हणाला.

होळीच्या आधी तो गेला. सकाळी म्हातारीच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होते. मी गेले, अंगणात बसले. भट्टीची माती त्याच्या छातीत गेली होती, असं कुणीतरी म्हणालं. तो भट्टीवर का गेला हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. वाडीतच राहिला असता तर तो आणखी जगला असता का, मला माहीत नाही. तसं म्हातारीही कधी म्हणाली नाही. मी म्हणते, मनातल्या मनात.

त्या मे महिन्यात आंबा उतरवला तेव्हा एखाददुसराच किडका निघत होता. झाडाखाली, सालींवर, सकाळच्या उन्हात सुईवाल्या चाचपत फिरताना दिसायच्या. आजूबाजूच्या वाड्यांत मात्र माशीने पुन्हा धुमाकूळ घातला होता. लोक माझ्याकडे यायला लागले. काय मारलंत, कुठलं औषध, किती दिवसांनी. शेवटी बागायतदारांनी सभा ठेवली. त्याच मांडवात. बाईंनी मार्गदर्शन करावं, असा निरोप आला, आणि शाल द्यायचंही ठरलं होतं.

मी म्हातारीला बरोबर घेऊन गेले. ती आत यायला तयार नव्हती, मांडवाच्या पायरीवर बसली. मला शाल घातली गेली. मी उभी राहिले आणि या वेळी मधे श्वास घ्यायलाही थांबले नाही, थांबले तर पुन्हा मोहोराबद्दल बोलेन अशी भीती होती.

मी म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मी इथे उभी राहून सांगितलं की आमच्या राखणदारांनी वाडीत किडे पाळले. ते खोटं होतं. त्यांनी माशीला मारणारा किडा सांभाळला होता. मी तो ओळखला नाही. मला विज्ञान येतं अशा भ्रमात मी तो जाळला आणि दोन माणसांना वाडीतून काढलं. त्यांना तुम्ही कुणी काम दिलं नाही ते माझ्या शब्दावर. किडे मी वाढवले. यंदा माझा आंबा चांगला आला तो त्या पायरीवर बसलेल्या बाईंमुळे. ही शाल त्यांची."

मी तिला बाई म्हणाले हे मला बोलून झाल्यावर कळलं. मग पुढे बसलेला माझा जुना विद्यार्थी उठला, पायरीकडे गेला आणि तिच्याशेजारी खाली बसून त्याने विचारलं, जाळीची वीण केवढी घ्यायची. त्याच्यामागे दुसरे गेले. ती हाताने दाखवून सांगायला लागली, कड किती खोल पुरायची, पहिल्यांदा फळ कुठून आणायचं. पुढच्या मोसमाला आमच्या वाडीला या, असं दोघांनी तरी तिला विचारलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. मला वाटलं, झालं. उशिरा का होईना, झालं.

माणसं पांगल्यावर ती माझ्याकडे आली. शाल तिने घडी करून हातावर घेतली होती.

"चांगलं बोललात, बाई," ती म्हणाली. "लई चांगलं बोललात."

"आधीच बोलायला हवं होतं."

"म्हातारा रोज इचारायचा. बोलल्या का बाई, बोलल्या का. मी म्हनायची, बोलतील." तिने शालीची घडी पुन्हा एकदा नीट केली. "मंग त्याला लईच धाप लागली त्या रात्री, तवा मी सांगितलं. म्हनलं, बोलल्या बाई. सगळ्यांसमोर बोलल्या. मंग निजला तो." मग म्हणाली, "त्याला खोटं सांगितलेलं मनात सलत व्हतं माझ्या. आज त्ये खरं झालं."